विचारलं तर सांगतो

सर,

तुम्ही गेलात त्याला अजून महिना भरला नाही, आणि लोक मला येऊन सांगतायत की आप्पा, तुम्हाला कळलंच नाही. सरांनी शेवटच्या भेटीत आपल्या आजाराचं तुम्हाला आडून आडून सांगायला बघितलं, आणि तुम्ही आपले कढीपत्त्यावरून भांडत बसलात. तुमचा मुलगा म्हणाला. तुमची ती सुलभा म्हणाली. परवा तर देवणीच्या बस स्टँडवर एका माणसानं मला थांबवून हेच ऐकवलं, त्याला मी ओळखत सुद्धा नाही. तुमचा विद्यार्थी असेल. तुमचे विद्यार्थी गाजरगवतासारखे कुठंही उगवतात.

मी कुणाला काही बोललो नाही.

आता तुमच्या कॉलेजच्या पोरांनी तुमच्यावर पुस्तक काढायचं ठरवलंय. म्हणाले, आप्पा, तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, तिसरी शिकलोय मी, अक्षर काढता येतं, कागद द्या. छापताना शुद्धलेखन नीट करा, मजकुराला हात लावू नका. एवढ्या बोलीवर लिहायला बसलोय. तुमचा जन्म कुठला, पदव्या किती, नोकरी कुठं कुठं झाली हे दुसरा कुणी लिहील. मला ते येत नाही. मला आपलं भांडण पुरं करायचंय.

नांदेडला मुलाच्या घरी तुम्ही खिडकीपाशी खाटेवर बसला होतात. वहिनींनी चहा दिला, चिवडा दिला. मी चिवडा खात होतो आणि तुम्ही म्हणालात, "आप्पा, काही विचारायचं राहिलं का?"

मी म्हटलं, "न्हाई."

"नीट आठवा."

"आठवलं. न्हाई."

तुम्ही पुन्हा म्हणालात, "आता विचारा की ओ." आणि हसलात. मीही हसलो, आणि चिवड्यातला कढीपत्ता बाजूला काढला.

हे पुस्तक वाचणाऱ्यांना यात हसण्यासारखं काय ते कळणार नाही. म्हणून सांगतो. ही वाक्यं तुमची नव्हती, माझी होती. चाळीस वर्षांपूर्वी मी ती बैलबाजारात बोललो होतो आणि तेव्हापासून तुम्ही ती माझ्यावरच टाकत आलात.

लातूर जिल्हा झाला ते साल. त्याआधी कागदावर एक शिक्का हवा असला तरी उस्मानाबाद गाठावं लागायचं. जिल्हा झाला म्हणून पेढे वाटले, आणि पेढा खाल्ल्यावर प्यायला पाणी नव्हतं, असं ते वर्ष. विहिरीत आवाज दिला तर आवाजच वर यायचा. कडबा संपला तसं ज्यानं त्यानं जनावर बाजारात आणलं. देवणीच्या बाजारात विकणारे मायंदाळ आणि घेणारे पाणीवाल्या मुलखातून आलेले थोडेच. मी जनावरांचा व्यापारी. माझ्याकडं त्या दिवशी एक वानेरा बैल होता, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. असा देखणा की बाजारात शिरला की लोक बोलायचे थांबायचे. त्याला एकच खोड होती. वाहत्या पाण्यात उतरायचा नाही. गुडघाभर ओढा समोर आला की चारी पाय रोवून उभा, मग मारा नाही तर गोंजारा. पण त्या साली ओढ्यात वाळू होती, आणि वाळूतून तो राजासारखा चालायचा.

तेवढ्यात तुम्ही आलात. मागं कॉलेजची पोरं-पोरी, सगळ्यांच्या हातात वह्या. मला वाटलं नव्या जिल्ह्यातून जनावरं मोजायला सरकारी माणसं आली. कुणी काही विचारायच्या आत मी दोन जनावरं कमी सांगितली.

तुम्ही म्हणालात, "आम्ही मोजायला नाही आलो. नीतिशास्त्र शिकायला आलोय."

"ते देवळात मिळंल. हा बैलबाजार हाय."

"देवळात सगळे चांगलंच वागतात ओ. तिथं काय शिकणार?"

मला हे बोलणं आवडलं, पण तसं मी दाखवलं नाही. ऊन लई होतं, घसा कोरडा पडला होता. तुमच्या खांद्याला पाण्याची पिशवी होती, ती तुम्ही पुढं केलीत. मी प्यालो. तोंड पुसतोय तर तुम्ही म्हणालात, "आम्ही बौद्ध, आप्पा. तुम्ही विचारलं नाही, पण सांगितलेलं बरं."

माझ्या गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. तुमची सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "बरं. पाणी हाय का अजून?"

घरी गेल्यावर आईनं यावरून मला बरंच ऐकवलं, ते वेगळं. पण सर, तुम्ही कसे आहात ते मला त्या पहिल्या घोटालाच कळलं. तुम्ही न विचारता सांगणारा माणूस. मी मात्र विचारलं तरच सांगणारा. भांडण तिथंच लागलं होतं, फक्त तोंड फुटायचं बाकी होतं.

ते फुटलं रुमालावरून. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा, एकमेकांची बोटं दाबायची, बोटांवर आकडा ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. तुम्ही पोरांना तो व्यवहार दाखवलात आणि विचारलंत, "भाव झाकायचा इथं रिवाज आहे. मग जनावराची खोड झाकली तर काय बिघडलं?"

पोरं वहीत बघायला लागली. वहीत काय असणार. मग ही सुलभा, तेव्हा दोन वेण्या घालायची, ती म्हणाली, "रुमालाखाली दोन हात असतात सर. खोड एकट्यालाच माहीत असते."

मला ते लागलं. मी म्हटलं, "ए पोरी, मी झाकत नसतो. विचारलं तर सांगतो. बाजारात कुणालाही विचार."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर त्याला गरज नसंल."

तुम्ही मध्ये पडलात. "बरं, मी विचारतो. या बैलाला काही खोड?"

"हाय. वाहत्या पाण्यात उतरत न्हाई."

मग जे सुरू झालं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. एक पोरगा म्हणाला, ओढा वाहतच नाही तर ही खोड आहे कशी? दुसरा म्हणाला, पाऊस कधीतरी पडेलच ना. मी त्याला म्हटलं, तुझ्या तोंडात साखर पडो. तिसरा म्हणाला, विकताना जी खोड नडत नाही ती सांगितली तर बिचाऱ्या बैलाचीच बदनामी. उभ्या उन्हात, तहानलेली पोरं, माझ्या बैलाच्या स्वभावावर भांडत होती. बैल कान हलवत ऐकत होता. त्याच्या आयुष्यात त्याच्यावर एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

तेव्हा तो पाहुणा आला. डोक्याला मोठा पटका, इस्लापूरकडचा. बैलाचे दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितला आणि त्याचा चेहरा नवरदेवासारखा झाला. तुम्ही अगदी सहज त्याला विचारलंत, "तुमच्याकडं यंदा पाणी कसं?"

"पाणी? आमच्याकडं धबधबा हाय सर. यंदा बारीक झालाय, पण हाय."

तुमच्या सगळ्या पोरांनी एकदम मान वळवून माझ्याकडं बघितलं.

पाहुण्यानं रुमालाखाली हात घातला. भाव बरा होता. त्या दुष्काळात तसा भाव मिळत नव्हता. पण ते डोळे माझ्यावर होते, आणि मी आजवर शब्द फिरवलेला नाही. विचारल्याशिवाय सांगणार नाही म्हटलं तर सांगणार नाही. मी त्याची बोटं धरून ठेवली आणि म्हटलं, "पाव्हणं, काही विचारायचं राहिलं का?"

"न्हाई. सगळं बघितलं."

"नीट आठवा."

"दात बघितले, खूर बघितले, चाल बघितली."

"चाल बघितली. पण कुठं चालतो ते?"

"रस्त्यानं चालतो की."

"आन् रस्ता संपला तर?"

"रस्ता संपला तर मी बी थांबतो. बैल का थांबू नये?"

पोरं तोंडावर वह्या धरून हसत होती. माझं डोकं तापलं. "आता विचारा की ओ," मी म्हटलं.

"काय विचारू?"

"ओढ्याचं विचारा."

"बरं बाबा. ओढ्याचं काय?"

"हां. आता विचारलंत. उतरत न्हाई हा ओढ्यात."

पाहुण्यानं पटका मागं सरकवला, बैलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "एवढंच होय? मला वाटलं मारका हाय. आमच्या गावाला पूल झालाय." रुमालाखाली एक बोट मात्र त्यानं मागं घेतलं.

तुम्ही मटकन खाली बसलात आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. उठताना म्हणालात, "आप्पा, तुम्ही सांगितलंत."

"त्यानं विचारलं."

"तुम्ही विचारायला लावलंत."

"पण विचारलं त्यानं."

हे एवढंच आपलं भांडण, सर. दर वर्षी नवी पोरं घेऊन तुम्ही बाजारात यायचात आणि मला मध्ये उभं करून हाच प्रश्न घालायचात. ज्याला माहीतच नाही तो विचारणार कसा, मग सांगायचं काम कुणाचं, हे तुमचं म्हणणं. माझं म्हणणं, ज्यानं त्यानं न विचारता सांगत सुटलं तर गावात माणूस राहणार नाही. तुम्ही ते करून बघितलंत की. माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला बसलात आणि कुणी न विचारता म्हणालात, आमटीत मीठ जास्त झालंय. त्यानंतर इतकी वर्षं आलात-गेलात, हिनं तुम्हाला कधी आमटी वाढली? वरण वाढलं. न बोलता वाढलं. तुम्ही विचारलंही नाही.

तुमची दुसरी खोड मला जास्त नडायची. तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. एकदा आपण तुमच्या पोरांसकट उदगीरहून लातूरला नव्या कचेरीत चाललो होतो, एसटीला ही गर्दी. मी बाहेरून खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. आत येऊन बघतो तर तुम्ही माझ्या रुमालाशेजारी उभे आणि पोरांना विचारताय, "रुमाल दमतो का? त्याचे पाय दुखतात का? मग त्याला बसायला आधी का मिळावं?" सगळी बस बोलायला लागली. कंडक्टर तिकिटं विसरून रुमालाच्या बाजूनं बोलत होता. एका म्हातारीनं कुणाचंच ऐकून न घेता रुमाल उचलला, माझ्या हातात दिला आणि बसली. मी तुम्हाला म्हटलं, "बरोबर कोण? सांगा आता."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी काय फुकट शिकवू का? तुम्ही पगार घेता आन् उत्तर देत न्हाई."

"उत्तराचा पगार लई असतो आप्पा. सरकारला परवडत नाही. मी नुसत्या प्रश्नांवर आहे."

लातूरपर्यंत आपण उभे गेलो.

मला शिकवायला कुणी आलं नव्हतं कधी. शाळा सुटली तेव्हा मास्तरांनीही मागं वळून विचारलं नाही. आणि माझ्यासारख्याला कुणी शिकवू लागलं तर मी उठून जातो, हा माझा स्वभाव. तुम्ही मला शिकवलं नाहीत. तुम्ही माझ्याशी भांडलात, बरोबरीच्या माणसाशी भांडतात तसं. पोरांसमोर माझं म्हणणं नीट मांडायचात, कधी कधी माझ्यापेक्षा चांगलं मांडायचात, आणि मग ते पाडायला बघायचात. याचे आभार मी कधी मानले नाहीत. तुम्ही विचारलं नाहीत.

परवा बाजाराला गेलो होतो. आता माझा व्यापार नाही, एकानं गाय पारखायला नेलं होतं. तिची कास बघून उठलो आणि सवयीनं मागं बघितलं. मागं एक माणूस उसाचा रस पीत उभा होता, बाकी कुणी नव्हतं. ज्याची गाय होती तो म्हणाला, "काय शोधताय आप्पा?" मी म्हटलं, "वह्या." माझं वय झालंय असं त्याला वाटलं असेल.

बरं, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं सांगतो. तुम्ही नव्हतात आणि तुम्हाला आवडलं असतं. नांदेडला मांडव घातला होता, भन्तेजींनी वंदना घेतली, मग भाषणं. जो उठला तो तुम्हाला थोर म्हणून बसला. मला झोप यायला लागली. तेवढ्यात सुलभा उठली. आता तिच्या डोक्यावर माझ्याइतके पांढरे केस आहेत, पण उभी राहिली ती त्या दोन वेण्यांसारखीच.

ती म्हणाली, "सर आम्हाला सांगायचे, समोरच्याला माहीत नसेल तर त्यानं विचारायची वाट बघू नका, सांगा. डॉक्टरांनी सरांना सगळं सांगितलं होतं. सरांनी वहिनींना सांगितलं, मुलाला सांगितलं, आम्हालाही फोन करून सांगितलं. फक्त आप्पांना सांगितलं नाही. मला विचारायचंय, सर चुकले का?"

तुमचे एक नातेवाईक उठून म्हणाले, "बाई, ही वेळ आहे का?"

वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "होऊ द्या. हे असते तर ह्यांनीच विचारलं असतं."

मग काय विचारता. एकानं म्हटलं, चुकलेच, जन्मभर एक शिकवलं आणि स्वतःच्या वेळेला दुसरं केलं. दुसरा म्हणाला, चुकले कसे, सरांनी आप्पांना आप्पांच्याच नियमानं वागवलं, यापेक्षा मान कुठला. तुमचा मुलगा म्हणाला, बाबांना आप्पांचं वाईट वाटणं बघवलं नसतं, बाकी काही नाही. एक तरुण पोरगा, तुमच्या अगदी शेवटच्या वर्गातला, म्हणाला की आडून सुचवणं हे सांगण्यात धरायचं की न सांगण्यात, ते आधी ठरवा. यावरून दोन गट पडले. जेवणाची पंगत बसली तरी मिटेना. वाढणारा भात घेऊन उभा आणि ज्याला वाढायचं तो पलीकडच्याशी भांडतोय. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "ह्या घरात इतक्या दिवसांनी कुणी मोठ्यानं बोललं."

मला पोरांनी विचारलं, आप्पा, तुमचं मत काय, सर चुकले का? मी म्हटलं, मी तिसरी शिकलेला माणूस, तुमचं चालू द्या.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की आप्पाला कळलं नाही. ते खरं आहे का, हे आप्पाला कुणी विचारलं नाही.

सर, मी जन्मभर जनावरं पारखली. कातडी अंगावर कशी बसलीय, डोळा किती आत गेलाय, उठताना भार कुठल्या पायावर, यावर माझं घर चाललं. नांदेडला तुम्ही दार उघडायला स्वतः उठलात. भिंतीला हात लावत आलात, जणू भिंतीचा रंग बघत होतात. मला चपला काढायच्या आत कळलं होतं.

आणि तुम्ही म्हणालात, काही विचारायचं राहिलं का. काय विचारायचं ते मला ठाऊक होतं. मी विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, तुम्ही खोटं बोलणारे नव्हतात. मग पुढं काय? ज्यांना तुम्ही सांगितलं होतं ती सगळी माणसं त्या घरात हळू आवाजात बोलत होती. मुलगा पाय न वाजवता फिरत होता. सून तुम्ही म्हणाल त्याला हो म्हणत होती. वहिनींनी मला चहा देताना कपबशीचाही आवाज होऊ दिला नाही. तुमच्याशी भांडायला त्या घरात एकही माणूस उरला नव्हता, सर. मी विचारलं असतं तर मीही त्यांच्यातलाच झालो असतो.

म्हणून मी कढीपत्ता बाजूला काढला आणि म्हटलं, "वहिनी, हा कुठला?" त्या म्हणाल्या, शेजारच्यांचा, फांदी आपल्या भिंतीवरून आत आलीय. मी म्हटलं, "मग विचारून तोडला का?" आणि तुम्ही लगेच उशी सोडून सरळ बसलात. म्हणालात, फांदी आपल्या हद्दीत, तोडला तर काय चुकलं? मी म्हटलं, मूळ कुणाचं? तुम्ही म्हणालात, झाड पाणी आपल्या जमिनीतलं पण पितंय. मी म्हटलं, चोरीच्या कढीपत्त्याचा चिवडा पाहुण्याला घालता आन् वर नीतिशास्त्र सांगता. तुम्ही खाटेवर हात आपटलात. मुलगा धावत आला, त्याला वाटलं काही झालं. तुमच्या तोंडावर रंग आला होता.

निघताना मी रिक्षात बसलो तर तुम्ही खिडकीतून ओरडलात, "आप्पा, त्यांना विचारलं तर ते हो म्हणतील, मग विचारायचं कशाला?" मी रिक्षातून ओरडलो, "हो म्हणायची संधी त्यांना द्यायला." रिक्षावाला म्हणाला, "काका, भावकीचं भांडण का?" मी म्हटलं, हो.

हे मी घरी सांगितलं नाही, पोरांना सांगितलं नाही. लोक म्हणतात म्हाताऱ्याला कळलं नाही, तर म्हणू द्या. तुम्हाला काय वाटलं होतं, तुम्ही ओळखलं होतं का की मी मुद्दाम विचारत नाही, ते आता कळायला मार्ग नाही. मला तेवढं एक टोचतं.

तुम्ही मला हे विचारलं नव्हतं, सर. तरी सांगितलं. तुम्ही आता लगेच पोरांकडं वळून बघाल आणि त्या दिवशी बाजारात हसलात तसे हसाल. हसा. पण यावरून मी हरलो असं कुणी लिहू नये.